डाव्या तोंडाचा शंख

संपादकांचे पत्र आले, की तुमचा धंदा जगावेगळा आहे, त्यातल्या चार गमती लिहून पाठवा, लोक फराळ करता करता वाचतील. गमती आहेत, नाहीत असे नाही. एक-दोन सांगतोही. पण लिहायला बसलो की लेखणी दर वेळी एकाच जागी जाऊन अडते, आणि ती जागा गमतीची नाही. तेव्हा कुणाचा फराळ बेचव झाला तर दोष माझा, आचाऱ्याचा नव्हे.

मी दगड गोळा करतो. पगारी काम आहे. सोलापुरात एक निवृत्त शास्त्रशिक्षक राहतात, त्यांना सगळे तात्यासाहेब म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या घरात पाहुण्याला बसायला जागा नाही. भिंतीभर कपाटे, कपाटांत कप्पे, कप्प्यांत दगड. साधे दगड नव्हेत. कोणे एके काळी समुद्रात जगलेले, मेलेले, चिखलात पुरले गेलेले आणि शेवटी दगड होऊन बसलेले प्राणी. शंख, शिंपले, आणि तात्यासाहेबांची लाडकी समुद्रकमळे. हे नाव त्यांनीच ठेवलेले. कमळ म्हणायचे, पण हे फूल नव्हे, प्राणी. समुद्राच्या तळाला देठ रोवून उभा राहतो, वर पाकळ्यांसारखे हात पसरतो आणि पाण्यातून जे वाहत येईल ते खातो. मेला की देठाच्या चकत्या सुट्या होतात. सदऱ्याच्या बटणाएवढ्या चकत्या, काही गोल, काही पाच टोकांच्या, अगदी चांदणीसारख्या.

या चकत्या सोलापुरात मिळत नाहीत. आपल्याकडे समुद्र नव्हता, होता तो अग्नी. त्यासाठी आम्ही वर्षातून एकदा गाडीने मद्रासकडे जातो. त्रिचनापल्ली जिल्ह्यात काही ओढे आहेत, त्यांच्या काठाने उकिडवे बसून, नाक जमिनीला लावून, दिवसभर उन्हात सरकत राहायचे. संध्याकाळी मूठभर चकत्या आणि पाठीला धनुष्याचा बाक. हा झाला धंदा.

धंद्याचे नियम दोन. पहिला असा की दगडापेक्षा चिठ्ठी मोलाची. प्रत्येक दगडाबरोबर एक चिठ्ठी, तिच्यावर चार गोष्टी : काय आहे, कुठे मिळाले, कोणत्या थरात मिळाले, कोणाला मिळाले. चिठ्ठी हरवली की समुद्रकमळ आणि रस्त्यावरचा खडा यांत काही फरक उरला नाही. दुसरा नियम असा की आल्या आल्या धुवायचे नाही. दगडाच्या अंगाला चिकटलेली माती आधी बघायची, मग पाणी. ती माती म्हणजे त्या दगडाचे गाव. हा दुसरा नियम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइके येतात. आम्ही काही विकत नाही, तरी येतात. एकदा गिरणीतली एक बाई आली. सुनेला मूल राहत नव्हते, तिच्या गळ्यात बांधायला चांदणी हवी होती. मी तिला अर्धा तास समजावले, हा प्राणी आहे, याचा आणि सुनेचा काही संबंध नाही, गंडेदोरे ही आपल्या समाजाला लागलेली कीड आहे, वगैरे. बाई शांतपणे ऐकत होती. माझे संपल्यावर म्हणाली, "दादा, तुमचं भाषण झालं आसंल तर चांदणी द्या की. भोंगा हुईल." तात्यासाहेबांनी हसत एक चकती दिली आणि वर म्हणाले, "चिठ्ठीसकट बांध हो गळ्यात. चिठ्ठी हरवू नको."

दुसरे एक कापडाचे व्यापारी. त्यांना वेटोळ्याचा एक दगड शाळिग्राम म्हणून देवघरात हवा होता. दगड हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले होते, तेवढ्यात मी सांगितले की हा मासळीबाजारात मिळणाऱ्या माकुळाचा चुलतभाऊ. त्यांनी दगड हळूच खाली ठेवला आणि हात धुवायला पाणी मागितले.

असा मी. सत्य समोरच्याच्या तोंडावर फेकावे, ते झेलता येते का हे त्याने बघावे. दगड हे माझे पोटाचे काम होते, जीव होता तो पत्रकांत. ताडीच्या दुकानांवर, अंगात येणाऱ्या बायांवर, देवाच्या नावाने बळकावलेल्या जमिनींवर मी पत्रके काढीत असे. खाली सही 'निर्भीड'. आठ पाने म्हणजे पुस्तक, चार पाने म्हणजे भाषण, एक पान म्हणजे थप्पड, असे मी मित्रांना सांगत असे. मी एका पानाचा माणूस होतो.

बाजाराच्या दिवशी मी मैंदर्गी, अक्कलकोट असा फिरे. हातात समुद्रकमळाच्या चकत्या घेऊन उभा राही आणि लोक जमले की बोले. शेवटी न चुकता सांगे, "तुम्हांला दगडात असे काही दिसले, शंख, शिंपला, काहीही, तर सोलापुरात तात्यासाहेबांकडे आणून द्या. देशाच्या ज्ञानात भर पडेल." लोक माना डोलवीत, मला मास्तर म्हणत आणि मिरच्या घ्यायला जात. इतक्या बाजारांतून माझे हे म्हणणे एकाच माणसाने मनावर घेतले. त्याचे नाव यल्लप्पा वडार.

यल्लप्पा विहिरी खणणारा. मैंदर्गीच्या अलीकडे तीन कोसांवर एका वाडीत त्याने नवी विहीर खणायला घेतली होती. चार परस, म्हणजे चार पुरुष, खाली गेल्यावर काळ्या कातळात त्याच्या लोखंडी सबलीला एक पांढुरका पट्टा लागला आणि त्यात शंख. त्याने चार शंख पटक्याच्या शेवाला बांधले आणि काम टाकून सोलापूरला आला. तात्यासाहेब त्या खेपेला एकटेच मद्रासकडे गेलेले. मी एकटा.

"मास्तर, तुमी बाजारात बोलला हुता न्हवं, म्हून आनलं," तो ओट्यावर बसत म्हणाला. आत ये म्हटले तरी आत आला नाही. "धा-बारा परस खनल्यात आजवर, पर आसलं न्हाय बगितलं. हितं समिंदर हुता का वो?"

तो वयाने माझ्या वडिलांएवढा होता. मी त्याच्याशी अरे-तुरे करीत होतो. आणि समतेवर माझी दोन पत्रके निघाली होती.

"समुद्र? इथे?" मी म्हणालो. "अरे, हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस. यात शंख कुठून येणार?"

"त्ये मला काय म्हाईत. माझ्या सबलीला लागलं, मी काडलं."

मी शंख घेतले, आत गेलो, आणि पहिले काम काय केले असेल तर ते बादलीत टाकले. ब्रशने खसाखसा घासले. मला ते समुद्रातले आहेत का ते बघायचे होते, आणि घाई होती. त्यांच्या अंगाची पांढुरकी माती मोरीतून वाहून गेली. मी माझा साक्षीदार स्वतःच्या हाताने धुऊन टाकला, आणि ते मला कळलेसुद्धा नाही. घासून झाल्यावर बघतो तर आणखी एक गोष्ट. शंखाचे टोक वर धरले की तोंड उजव्या बाजूला येते, आमच्या कप्प्यांतल्या शेकडो शंखांचे तसेच होते. या चारही शंखांची तोंडे डावीकडे.

मला वाटले, सापडली चोरी.

बाहेर येऊन मी त्याला, "ठेवून जा, बघतो," एवढेच म्हणालो. चिठ्ठीवर लिहिले : शंख, दगडाचे. पुढे स्थळाच्या रकान्यात लिहिले : खोटे.

याच सुमारास वाडीहून बातमी आली की त्या विहिरीवर नारळ फुटू लागले आहेत. विहिरीच्या मालकाने तिला समुद्रतीर्थ म्हणून जाहीर केले होते. काठावर शेंदूर लावला होता, एक शंख तांब्याच्या ताम्हनात ठेवला होता, आणि लोकांना सांगत होता की वडाराला स्वप्नात दृष्टान्त झाला. माझे पित्त खवळले. स्वप्नाची गोष्ट यल्लप्पाच्या तोंडून मी ऐकलेली नव्हती. त्याला विचारायला मी वाडीवर गेलो नाही. विचारण्याची मला गरज वाटली नाही, कारण माझ्याकडे डाव्या तोंडाचा पुरावा होता. मी टेबलाशी बसलो आणि एका बैठकीत पत्रक लिहिले. मथळा : 'कातळातला समुद्र की छिन्नीतला?'

त्यातला मजकूर इथे देतो, कारण तो लपवण्यात आता अर्थ नाही. 'दक्खनचा कातळ हा थिजलेला अग्नी आहे. अग्नीत शंख राहत नाही. मग हा शंख आला कोठून? वडाराच्या हाती छिन्नी असते, छिन्नीला दगड मिळतो, आणि दगडाला भोळे भक्त. यल्लप्पा वडार नामक इसमाने शंख कोरला खरा, पण शंखाचे तोंड कोणत्या बाजूस असते हे तो बिचारा विसरला! ज्याला शंखाचे तोंड धड कळत नाही, तो तुमच्या रानात पाणी कोठे लागेल हे काय सांगणार?'

शेवटचे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. इतका खूष होतो.

पत्रकात मालकाचेही नाव होते, आडनावासकट. छापखान्याचे नरसय्या मजकूर वाचता वाचता तिथे थांबले.

"हे नाव काढा, मास्तर."

"का? तोच तर खरा चोर आहे."

"असेल. पण त्याचे तीन वकील आहेत आणि माझं यंत्र एकच आहे. उद्या कोर्टात गेला तर तुम्ही 'निर्भीड' म्हणून सुटाल, खाली छापखान्याचं नाव माझं असतं."

"मग काय लिहू?"

"'एक मातब्बर गृहस्थ' करा. वडाराचं राहू द्या. तो कशाला येतोय कोर्टात?"

मी पेन्सिल घेतली आणि मालकाच्या नावावर रेघ ओढली. एक रेघ. तिला वेळ लागला नाही. त्या रेघेबद्दल त्या वेळी मला काही वाटले असे मी म्हणू शकत नाही. वाटले असते तर बरे झाले असते.

पत्रक मैंदर्गीच्या बाजारात वाटले गेले, आणि लोक हसले. माझ्या पत्रकांना लोक सहसा हसत नसत. मला फार बरे वाटले.

आठवड्याने दुपारी यल्लप्पा पुन्हा ओट्यावर. हातात माझे पत्रक, चार घड्या घातलेले.

"मास्तर, येवडं वाचून दावा की. बाजारात लोक माज्याकडं बगून हसत्यात. ह्यात माजं नाव हाय म्हनं."

'निर्भीड' म्हणजे कोण हे त्याला माहीत नव्हते. मी कागद हातात घेतला. त्याच्याकडे बघितले. तो ऐकायला पुढे वाकला होता, जसा शाळेतला पोरगा निकाल ऐकायला वाकतो. आणि मी वाचू लागलो. समोर छापलेले होते ते नव्हे. तिथल्या तिथे रचत गेलो.

"'यल्लप्पा वडार यांना विहीर खणताना शंख सापडला,'" मी वाचले. "'तो त्यांनी प्रामाणिकपणे सोलापुरास आणून दिला. विहिरीला तीर्थ म्हणणे मात्र चुकीचे आहे.'"

"आन् फुडं?"

"पुढे... शास्त्राचे आहे."

"मग लोक हसत्यात का?"

"लोकांना धड वाचता येत नाही, यल्लप्पा."

मग त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आले. "छापलंय म्हंजे खरंच की," तो म्हणाला. कागदाच्या घड्या होत्या तशा घातल्या आणि तो कागद त्याने पटक्याच्या शेवाला बांधला, जिथे त्या दिवशी शंख बांधले होते तिथे.

ही माझी गोष्ट ऐकून एक मित्र म्हणाला, अहो, दयेपोटी खोटे बोललात, त्यात काय. दया वगैरे काही नव्हते. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर माझे वाक्य वाचायची मला भीती वाटली, एवढेच. आणि त्या भीतीचे काय झाले ते आता सांगतो.

विहीर खणणाऱ्या वडाराजवळ भांडवल काय असते? सबल, घण, टोपली, बायकोचे हात. बाकी सगळा शब्द. 'हितं खना, पाच परसावर पानी लागंल' हा त्याचा शब्द. त्या शब्दावर माणूस रान खणायला देतो. यल्लप्पाने त्या वर्षी तीन गावांत विहिरी धरल्या होत्या. लोक हसताहेत म्हटल्यावर तो काय करीत होता? तो प्रत्येक गावात जाऊन, पटक्यातून माझे पत्रक सोडून, चावडीवर पुढे करीत होता. बघा, माझे नाव छापले आहे, सोलापूरच्या मास्तरांनी मला वाचून दाखवले, शंख मलाच सापडला, मी खोटा नाही. चावडीवरचा कुणी तरी अक्षर लावून ते मोठ्याने वाची. मथळा संपायच्या आधीच हशा फुटे. पुढचे त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. "शंखवाल्या, आमच्या हिरीत काय कोरनार गा, मगर का कासव?" तीनही गावांनी काम काढून घेतले. पत्रकाने अर्धे केले. उरलेले अर्धे माझ्या खोट्या वाचनाने केले, आणि ते त्याच्याच हातून करविले.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी पुढचे पत्रक लिहीत होतो.

तात्यासाहेब महिन्याने परत आले. चकत्यांचे डबे उघडायच्या आधी त्यांनी, मागे काय आले, असे विचारले. मी शंखांची पुडी दिली, ती कोणी कशी आणली ते सांगितले आणि हसत म्हणालो, "ही गंमत बघा." पुडी पत्रकाच्याच कागदाची होती, छापून उरलेल्या कागदांच्या मी पुड्या करीत असे. त्यांनी पुडी सोडली. शंख एका हातात, कागद दुसऱ्या हातात. कागद वाचला. मग भिंग घेऊन खिडकीशी गेले. एका शंखाच्या तोंडात खोलवर माझ्या ब्रशातून सुटलेली राईएवढी माती होती. ती त्यांनी सुईने उकरली, तळहातावर घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"हे धुतले कोणी?"

"मी."

"का?"

"घाई होती."

"'दक्खनच्या कातळात शंख नसतो,' हे तुला कोणी सांगितले?"

"तुम्हीच."

"मी समुद्रातला शंख म्हणालो होतो. हा समुद्रातला कुठे आहे? ही माती तळ्याची, आणि ही गोड्या पाण्यातली गोगलगाय आहे. हिचे तोंड डावीकडेच असते. एवढ्यावरूनच ओळखतात हिला." ते खुर्चीत बसले. त्यांचा आवाज चढला नाही, चढता तर मला सोपे गेले असते. "अरे, लाव्हारस एकदाच नाही वाहिला. एक थर आला, थंड झाला. मग कितीतरी काळ काहीच नाही. पाऊस पडला, तळी साचली, तळ्यांत गोगलगाई झाल्या. मग दुसरा थर आला आणि तळे झाकून गेला. दोन थरांच्या मधे वेळ असतो, बाबा. हा माणूस त्या वेळेत उतरून आला आणि तुझ्या ओट्यावर चार शंख ठेवून गेला. जन्मभर मी इथे बसून मद्रासकडचे शंख गोळा केले, मला घराजवळचे हे तळे सापडले नव्हते."

त्यांनी पत्रकातल्या यल्लप्पाच्या नावावर बोट ठेवले.

"कुठे आहे तो आता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. यल्लप्पा अक्कलकोटच्या रस्त्यावर सापडला. खडी फोडीत बसला होता. ज्याने परसापरसाने कातळात वाट काढली तो मजुरीवर खडी फोडीत होता. शेजारी त्याची बायको नागव्वा टोपल्या भरत होती. तीन गावांत काय झाले ते त्यानेच सांगितले, तक्रार म्हणून नव्हे, कोडे म्हणून. "कागद दावला की लोक जास्तीच हसत्यात, मास्तर. कायतरी गडबड हाय त्यात." मी मान खाली घातली. तात्यासाहेबांनी त्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "यल्लप्पा, तुम्ही आणलेले शंख खरे आहेत. तो पट्टा आम्हांला दाखवाल का?" त्याने घण खाली ठेवला. "या, दावतो," म्हणाला. नागव्वानेही पदर खोचला आणि निघाली.

विहिरीवर आठ-दहा माणसे होती. नारळ, उदबत्त्या, शेंदूर. लिंबाखाली बाजेवर मालक बसला होता. तात्यासाहेबांना बघून तो उठला, या-बसा झाले, पाणी आले. तीर्थ बघायला सोलापूरहून विद्वान आले, याने त्याची छाती फुगली होती. तात्यासाहेबांचे उतरायचे वय नव्हते, म्हणून मी उतरायचे ठरले. यल्लप्पाने माझ्या काखेतून दोर घेतला, गाठ मारली, दोनदा ओढून बघितली.

"भिऊ नगासा. दोर माझ्या हातात हाय."

त्याच्या हातातल्या दोराला मी लोंबत होतो. अशा वेळी माणसाच्या मनात काय येते ते लिहिण्यासारखे नाही. काळा कातळ नाकासमोरून वर सरकत गेला. मग वीतभर तांबडी माती. मग तो पट्टा, पांढुरका, हाताच्या लांबीएवढा, सबलीचे वळ त्याच्यावर तसेच. आणि त्यात शंख. एक नव्हे, दोन नव्हेत, बोराएवढे, अंगठ्याएवढे, उभे, आडवे, एकावर एक, सगळ्यांची तोंडे डावीकडे. अर्धे कातळात रुतलेले. कोणत्याही छिन्नीने जन्मभर कोरले तरी झाले नसते इतके. मी बोट लावून बघितले. मग वर बघितले. वर्तुळाएवढे आभाळ आणि त्यात यल्लप्पाचे डोके.

"आहेत!" मी ओरडलो. "भिंतीत आहेत!"

"मी काय सांगत हुतो!" वरून आवाज आला. त्यात नुसता आनंद होता.

वर आल्यावर मी दोर सोडायच्या आधी बोललो. नंतर बोललो नसतो. "यल्लप्पा, तो कागद द्या. मी त्या दिवशी खोटे वाचले. तो कागद मीच लिहिला आहे." त्याला आधी समजले नाही. मग त्याने पटक्याची गाठ सोडली. कागद घड्यांवर फाटला होता. "आता खरं वाचा," तो म्हणाला आणि उकिडवा बसला. नागव्वा त्याच्या मागे उभी राहिली. नारळ घेऊन आलेली माणसेही सरकून जवळ आली.

मी मथळ्यापासून वाचले. छिन्नी, भोळे भक्त, नामक इसम, बिचारा. माझी लेखणी मला इतकी वाईट कधी ऐकू आली नव्हती. पाण्याच्या वाक्याशी पोचलो तेव्हा कुणी हसले नाही.

"त्ये पान्याचं परत वाचा."

मी परत वाचले.

"ह्योच कागूद घिऊन फिरलासा व्हय गावागावानं?" नागव्वा नवऱ्याला म्हणाली. माझ्याशी ती एक शब्दही बोलली नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही.

यल्लप्पाने जमिनीकडे बघतच विचारले, "त्या दिशी खोटं का वाचलासा?"

"तोंडावर वाचायचा धीर झाला नाही."

"लिवायचा झाला की."

मग त्याने मान वर केली, लिंबाखालच्या बाजेकडे हात केला आणि अगदी साध्या आवाजात, खरेच जाणून घ्यायचे असल्यासारखे, विचारले, "ह्यांचं नाव कुटं हाय ह्यात? सपान ह्यांनी काडलं, शेंदूर ह्यांनी लावला. मी शंख काडला निस्ता. माजं नाव हाय, ह्यांचं कुटाय?"

मालक हसला. "कशाला मनाला लावून घेता, मास्तर?" तो म्हणाला. "उलट तुमच्या पत्रकानं तीर्थाची जाहिरातच झाली. माणसं वाढली आमची. नारळपाणी घ्या."

मी नारळपाणी घेतले नाही. माझा पराक्रम एवढाच.

सोलापूरला येऊन मी दुसरे पत्रक काढले. चूक कबूल, यल्लप्पा वडार खरा, शंख खरे, मी खोटा. ते फुकट वाटले. त्यात हसण्यासारखे काही नव्हते, म्हणून ते कुणी वाचले नाही. पुढे एकदा मैंदर्गीच्या बाजारात शेंगदाणे घेतले, तर पुडी पहिल्या पत्रकाचीच निघाली. यल्लप्पाला विहिरी परत मिळाल्या नाहीत. पावसाळ्याआधी तो बायकोला घेऊन तेलंगणाकडे गेला, जिथे माझी मराठी कुणी वाचणार नाही अशा मुलखात. 'निर्भीड' ही सही मी त्यानंतर केली नाही.

जाण्यापूर्वी तो एकदा ओट्यावर आला होता. या खेपेला आत आला. तात्यासाहेबांनी त्याला शंखांचा कप्पा उघडून दाखवला. मी नवी चिठ्ठी लिहायला घेतली आणि विचारले, कोणाला मिळाले याच्यापुढे तुमचे नाव लिहू का?

"लिवा की," तो म्हणाला. "पर दोगांचं लिवा. हीर कुनाची त्येबी लिवा."

आमच्या चिठ्ठीत मालकाचा रकाना नसतो. मी तो पाडला. कपाटातल्या चिठ्ठीवर दोन्ही नावे आहेत. कपाटात लिहायला काय लागते? तिथे तात्यासाहेबांखेरीज कुणी बघत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो पहिल्यापासून वाचला, तर यल्लप्पाचे नाव पानोपानी आहे, आणि दुसऱ्याला मी सगळीकडे नुसते 'मालक' म्हटले आहे. ठरवून नव्हे, हाताला वळणच तसे पडले आहे. म्हणून कपाटातली चिठ्ठी जशीच्या तशी खाली उतरवून देतो. मी शाईने पूर्ण लिहिली आहे. संपादक भले आहेत, पण त्यांनाही छापखाना आहे. नाव छापून आले तर ते माझ्यापेक्षा धीट निघाले असे समजावे. पण हा अंक छापण्यापूर्वी मुद्रिते तपासायला माझ्याकडे येतात. तेव्हा त्या जागी टिंबे दिसली, तर ती एकट्या संपादकांची आहेत असे कृपा करून कोणी म्हणू नये.

काय : गोड्या पाण्यातली गोगलगाय, डाव्या तोंडाची, दगड झालेली.
कुठे : मैंदर्गीच्या अलीकडे तीन कोस, वाडीची नवी विहीर, चार परस खाली.
थर : काळ्या कातळाच्या दोन थरांमधला पांढुरका पट्टा.
कोणाला मिळाले : यल्लप्पा वडार.
विहिरीचा मालक : . . . . . . . . . .